जिओकॅशसाठी काचेचे चित्रचुंबक : पहिला संच कसा करावा

जिओकॅशच्या, म्हणजे जीपीएसच्या मदतीने शोधण्याच्या खेळात बाहेर कुठेतरी दडवलेल्या, डब्यात ठेवलेली वस्तू कोणी पुसून-झटकून जपत नाही. ती महिनोन्महिने एखाद्या झाडाच्या ढोलीत, दगडांच्या खबदाडीत किंवा पुलाखालच्या फटीत पडून राहते. झाकण कोणीतरी नीट न लावल्यामुळे आत ओल शिरते, उन्हात डबा तापतो, रात्री गार पडतो, आणि नाणी, गोट्या व किल्ल्यांच्या साखळ्या यांच्या सोबतीने ती खुळखुळत राहते. काचेच्या छोट्या खड्याखाली चित्र आणि चित्राखाली चुंबक अशी जी वस्तू आपल्याला करायची आहे, ती मुळात फ्रिजच्या दारावर लावण्यासाठी लोक करत आले आहेत, आणि बहुतेक कृती त्याच वापरासाठी सांगितलेल्या असतात. त्या जशाच्या तशा उचलल्या, तर काही ओलसर महिन्यांतच चित्रावर डाग चढतात आणि चुंबक सुटून डब्याच्या तळाशी जातो. त्यामुळे पुढची प्रत्येक पायरी फ्रिज विसरून, डब्यातली ओल आणि आदळआपट डोळ्यांसमोर ठेवून सांगितली आहे.

ज्यांनी हा खेळ अजून खेळलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी ओळख आवश्यक आहे. जिओकॅश या शब्दातील कॅशचा पैशांशी संबंध नाही. दडवून ठेवलेला साठा असा त्याचा अर्थ आहे. अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक मे २००० च्या आरंभी काढून टाकली आणि सामान्य माणसाच्या हातातले यंत्र एकाएकी कितीतरी अचूक जागा दाखवू लागले. त्याची परीक्षा घेण्यासाठी डेव्ह उल्मर यांनी ३ मे २००० रोजी अमेरिकेतील ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली दडवली, तिच्यात नोंदवही आणि काही किरकोळ वस्तू ठेवल्या, आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर करून शोधणाऱ्याने एक वस्तू घ्यावी व एक ठेवावी असे सुचवले. म्हणजे वस्तूंची अदलाबदल ही या खेळात मागाहून आलेली हौस नाही; ती पहिल्या बादलीपासूनची आहे. आजही रिवाज तोच आहे : जेवढ्या मोलाची वस्तू उचलली, तेवढ्या किंवा त्याहून अधिक मोलाची मागे ठेवावी. स्वतःच्या हाताने केलेली आणि आपली ओळख सांगणारी वस्तू ठेवणाऱ्यांचा या खेळात वेगळाच मान आहे, कारण डबे उघडून उघडून माणूस तुटक्या खेळण्यांना आणि गंजलेल्या नाण्यांना कंटाळलेला असतो.

काचेच्या खड्याचा चुंबक या कामासाठी चांगला ठरतो तो त्याच्या आकारामुळे. साधारण २५ मिलिमीटर व्यासाचा आणि मध्यभागी ६ मिलिमीटर उंचीचा खडा सुमारे ४ ग्रॅमचा भरतो. त्याला १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ३ मिलिमीटर जाडीचा फेराइटचा, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासून केलेला, चुंबक लावला की एकूण वजन ८ ग्रॅमच्या आसपास जाते. दहा नग खिशात घेऊन डोंगर चढला तरी त्यांचे ओझे जाणवत नाही. १०० मिलिलिटरपासून १ लिटरपर्यंतच्या लहान डब्यांत आणि त्यांहून मोठ्या डब्यांत ते सहज राहतात. १०० मिलिलिटरपेक्षा लहान, म्हणजे मायक्रो गटातल्या डब्यांत मात्र ते ठेवू नयेत. जुन्या फिल्मच्या डबीत एखादा नग मावला, तरी तो नोंदवहीची जागा खातो आणि पुढचा माणूस कागदाची गुंडाळी बाहेर काढताना ती फाडतो.

खडा निवडणे

खड्यांचे दोन प्रकार मिळतात. फुलदाणीच्या तळाशी टाकण्यासाठी विकले जाणारे सपाट बुडाचे खडे स्वस्त असतात, पण प्रत्येकाचा आकार थोडा वेगळा असतो, कडा वेड्यावाकड्या असतात आणि बुडावर बारीक लाटा किंवा खळगे असतात. दागिने करणाऱ्यांसाठी मिळणारे घुमटाकार खडे, ज्यांना कॅबोशॉन म्हणतात, ते एका मापाचे आणि खरोखर सपाट बुडाचे असतात. पहिला संच कॅबोशॉनचा करावा असे माझे मत आहे, कारण सगळी चित्रे एकाच मापाने कापता येतात आणि काही बिघडले तर दोष आपल्या हाताचा की काचेचा, हा प्रश्न उरत नाही. हात बसल्यावर स्वस्त खड्यांकडे वळावे.

खडा उजेडासमोर धरून तिरपा फिरवला, की आतले बुडबुडे आणि ओरखडे दिसतात. ज्या खड्यांवर इंद्रधनुषी चकाकीचा लेप असतो ते टाळावेत, कारण तो लेप चित्राचे रंग झाकोळून टाकतो. त्यानंतर खडा सपाट फरशीवर ठेवून बोटाने डोलवून पाहावा. डोलणाऱ्या खड्याचे बूड फुगलेले असते आणि त्यावर चुंबक पुढे कधीही सरळ बसत नाही. काठावर धारदार टोक लागले तर ते पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरवर घासून मोडावे. काच कोरडी घासू नये, कारण तिची धूळ श्वासावाटे आत जाऊ देणे योग्य नाही. टवका उडालेला खडा मात्र घासत बसण्यापेक्षा टाकून द्यावा, कारण हा चुंबक कोणाच्या हातात पडेल हे आपल्याला ठाऊक नसते आणि डब्यात सर्वांत आधी हात घालणारे बहुधा मूलच असते.

निवडलेले खडे साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करावेत आणि काम सुरू करण्याच्या अगदी आधी त्यांच्या बुडावरून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला स्वच्छ कपडा फिरवावा. यानंतर खडा केवळ काठाला धरायचा. बुडावर उमटलेला अंगठ्याचा ठसा चित्र चिकटवल्यावर घुमटाखाली मोठा होऊन दिसतो आणि तो पुसण्याची सोय उरत नाही.

चित्र

खड्याचा घुमट भिंगाचे काम करतो. बुडाला चिकटवलेले चित्र वरून पाहताना मूळ मापापेक्षा किंचित मोठे आणि जवळ आल्यासारखे दिसते, तर काठाकडे ते वाकते. या एका गोष्टीवरून चित्र कसे असावे हे ठरते. मध्यभागी एकच विषय, ठळक बाह्यरेषा आणि फिकट किंवा भडक पार्श्वभूमी असलेले चित्र खुलते. दहा माणसांचा समूह किंवा संध्याकाळचे काळपट निसर्गदृश्य २५ मिलिमीटरमध्ये चिखलासारखे दिसते. अक्षरे घ्यायची असतील तर ती वर्तुळाच्या मधल्या दोन तृतीयांश भागातच बसवावीत. खेळातले आपले टोपणनाव आणि वर्ष एवढा मजकूर पुरतो. पान, पाखरू, दगडावरचे शेवाळ, पायवाटेची खूणपाटी असे स्वतः काढलेले फोटो घ्यावेत. दुसऱ्याची कार्टूनची पात्रे किंवा खेळाच्या संकेतस्थळांची बोधचिन्हे विनापरवाना छापून वाटणे योग्य नाही आणि तशी गरजही पडत नाही.

चित्र उलटे छापावे लागेल का, अशी शंका नवख्यांना हमखास येते. उलटे छापायचे नाही. चित्राची रंगीत बाजू काचेला चिकटते आणि आपण काचेतून तिच्याकडे सरळ पाहतो, त्यामुळे कागदावर जसे आहे तसेच दिसते.

छपाई लेझर प्रिंटरवर करून घ्यावी. लेझरची शाई म्हणजे कागदावर वितळवून बसवलेली प्लॅस्टिकची भुकटी असते आणि पाण्याचा अंश असलेल्या गोंदाने ती पसरत नाही. घरगुती इंकजेट प्रिंटरची शाई पुष्कळदा पाण्यात विरघळणारी असते. गोंद लागताच रंग कडेला ओघळतात आणि चेहऱ्यांना निळसर झाक येते. इंकजेटच हाताशी असेल तर छापील कागद एक दिवस वाळवून, त्यावर पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रेचे दोन पातळ हात मारून मगच वापरावा, आणि तरीही आधी एक नमुना करून पाहावा. कागद साधा पण थोडा जाड, दर चौरस मीटरला १०० ग्रॅमच्या आसपास भरणारा असावा. चकचकीत फोटोपेपर घेण्याचा मोह आवरावा, कारण त्याचा वरचा थर ओलीने कागदापासून सुटतो आणि चित्राची पापुद्र्यासारखी पुडी होते. मासिकांची रंगीत पाने वापरायला हरकत नाही, पण ती पातळ असल्यामुळे मागच्या बाजूचा मजकूर पुढे उमटतो.

ए४ आकाराच्या एका कागदावर ३० मिलिमीटर अंतराने मांडली तर २५ मिलिमीटरची ५४ वर्तुळे बसतात, त्यामुळे एका छपाईत वर्षभराचे काम होते. कापताना मात्र वर्तुळ खड्याच्या बुडापेक्षा चहूबाजूंनी साधारण १ मिलिमीटर लहान ठेवावे. या एका मिलिमीटरवर चुंबकाचे आयुष्य अवलंबून असते. कागद काठापर्यंत आला तर त्याची कड उघडी राहते आणि दिव्याच्या वातीसारखी ओल आत ओढून घेते. तो आत राहिला तर त्याच्याभोवती काचेचे रिकामे कडे उरते आणि पुढच्या पायरीत ते पक्के बंद करता येते. कागद गोल कापणारा २३ मिलिमीटरचा पंच नेमका मिळतोच असे नाही. अशा वेळी त्या मापाचे पुठ्ठ्याचे वर्तुळ कापून, त्याच्याभोवती पेन्सिल फिरवून कात्रीने कापावे, आणि कापताना कात्री स्थिर ठेवून कागद फिरवावा.

प्रत्येक चित्रामागे लावण्यासाठी त्याच मापाचे एक कोरे पांढरे वर्तुळही कापून ठेवावे. गोंदाने भिजलेला कागद थोडा पारदर्शक होतो आणि फेराइट चुंबक काळसर राखाडी असतो. मागे पांढरा थर नसेल तर सगळे चित्र मळकट होऊन जाते, आणि नवखा माणूस प्रिंटरला दोष देत राहतो.

चित्र चिकटवणे

चित्रासाठी वाळल्यावर पूर्ण पारदर्शक होणारा पांढरा गोंद, म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा गोंद, वापरावा. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद इथे घातक ठरतो, कारण त्याच्या वाफांचा पांढरट थर काचेवर बसतो. द्रावकात मिसळलेले रबरासारखे गोंद लेझरची शाई सैल करू शकतात, म्हणून तेही चित्राच्या बाजूला लावू नयेत.

खडा घुमट खाली करून मऊ कापडाच्या घडीवर ठेवावा, म्हणजे तो लोळत नाही. बुडाच्या मध्यभागी मसुरीच्या दाण्याएवढा गोंदाचा थेंब सोडावा. चित्राची रंगीत बाजू खाली करून त्याची एक कड आधी टेकवावी आणि मग हळूहळू उरलेला भाग खाली सोडावा. सपाट चित्र एकदम टाकले तर हवा मध्ये कोंडते. आता अंगठ्याने मध्यापासून काठाकडे दाबत जावे, दर दोन-तीन दाबांनंतर खडा उचलून पुढून पाहावे, आणि चित्र सरकले असेल तर गोंद ओला असतानाच ते मध्यावर आणावे. बाहेर आलेला गोंद ओल्या कपड्याने पुसावा.

पुढून पाहताना कुठे चंदेरी ठिपका दिसला, तर तो हवेचा आहे. काच आणि कागद यांच्या मध्ये हवेचा पातळ थर राहिला, की तिरपा आलेला उजेड काचेच्या तळावरूनच परत फिरतो आणि तेवढा भाग आरशासारखा चमकतो. गोंद तिथवर पोहोचला की चमक नाहीशी होते, कारण गोंद आणि काच प्रकाशाला जवळजवळ सारखेच वळवतात. याच कारणाने स्वस्त खड्यांच्या बुडावरच्या बारीक लाटाही पुरेशा गोंदाखाली दिसेनाशा होतात. तेव्हा गोंद वाचवण्यात शहाणपण नाही. जास्तीचा पुसता येतो, पण कमी पडलेला नंतर आत घालता येत नाही. चित्र मनासारखे बसले की त्याच्या पाठीवर गोंदाचा पातळ हात देऊन कोरे वर्तुळ चिकटवावे.

आता वाट पाहायची असते, आणि बहुतेकांचे काम नेमके इथे बिघडते. काचेतून पाणी जात नाही, त्यामुळे गोंदातला सगळा ओलावा मागच्या कागदातूनच बाहेर पडतो आणि त्याला वेळ लागतो. सुरुवातीला चित्र धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते. कडेपासून ते निवळत जाते आणि मध्य सर्वांत शेवटी स्वच्छ होतो. कोरड्या हवेत एक पूर्ण दिवस पुरतो, दमट हवेत दोन लागतात. माझ्या पहिल्या बारा खड्यांना मी त्याच संध्याकाळी चुंबक लावून मोकळा झालो होतो. ओलाव्याची एकमेव वाट मीच बुजवल्यामुळे प्रत्येक चित्राच्या मध्यभागी एक पांढरा ढग कायमचा राहिला, आणि त्यातल्या एका चित्रात तर मी मुद्दाम निरभ्र आकाश निवडले होते.

पाठ बंद करणे आणि चुंबक लावणे

पांढरा गोंद वाळल्यावर कितीही कडक झाला तरी पाण्यात तो पुन्हा मऊ पडतो. फ्रिजवरच्या चुंबकाला याची फिकीर नसते, पण डब्यातल्या चुंबकाची पाठ बंद केल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. त्यासाठी दोन भाग समप्रमाणात मिसळायचा इपॉक्सी गोंद मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण तो एकाच वेळी पाठ बंद करतो आणि चुंबकही धरतो. पाच मिनिटांत घट्ट होणारा प्रकार ओलीला कमी टिकतो, म्हणून सावकाश, रात्रभरात घट्ट होणारा घ्यावा. दोन्ही भाग काडीने निदान एक-दोन मिनिटे नीट घोटावेत. अर्धवट मिसळलेला इपॉक्सी कितीही दिवस ठेवला तरी चिकट राहतो. हातमोजे घालावेत, कारण हा गोंद वारंवार कातडीला लागला तर पुरळ उठण्याची सवय लागते, आणि खिडकी उघडी ठेवावी.

बंदुकीने लावायचा गरम गोंद अनेकांच्या घरी असतो आणि तो सोपा वाटतो. गुळगुळीत काचेवर तो लागताच थिजतो, पक्की पकड घेत नाही, आणि थंडी-उन्हाच्या फेऱ्यांत अख्ख्या पापुद्र्यासह सुटून येतो. या कामात त्याला जागा नाही.

चुंबक कोणता घ्यावा, हा प्रश्न जोरापेक्षा सुरक्षिततेचा आहे. निओडिमियमचे चुंबक लहान असून फार जोरकस असतात आणि म्हणूनच ते मोहात पाडतात. परंतु असे दोन चुंबक, किंवा एक चुंबक आणि एखादी लोखंडी वस्तू, लहान मुलाने गिळली तर आतड्याच्या वेगवेगळ्या वळणांत असतानाही ते एकमेकांकडे ओढले जातात, मधली भित्तिका चिमटली जाते आणि तिला भोक पडू शकते; अशा मुलांवर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. रानात ठेवलेला डबा कोण उघडणार यावर आपले नियंत्रण नाही, म्हणून जिओकॅशच्या वस्तूंत सुटे होऊ शकणारे छोटे निओडिमियम चुंबक वापरूच नयेत. याशिवाय त्यांच्यावरचा निकेलचा मुलामा खरवडला गेला की ओलीत ते गंजून भुगा होतात. फेराइट हा मुळात लोहाच्या ऑक्साइडपासून भाजून केलेला असल्यामुळे गंजत नाही, १८ मिलिमीटरची चकती तोंडात घालण्याचे आकर्षणही कमी असते, आणि ८ ग्रॅमची वस्तू दारावर धरून एखादा कागद टांगण्याइतका जोर तिच्यात असतो. मात्र तोही चुंबकच आहे आणि गिळण्याची वस्तू नाही, हे सोबतच्या चिठ्ठीवर लिहावे. चिकटपट्टी असलेले लवचिक चुंबकी पत्रे कापायला सोपे असतात, पण काचेच्या खड्याचे वजन ते जेमतेम पेलतात.

लावण्याची सर्वांत सोयीची पद्धत अशी आहे. लोखंडी किंवा चुंबक चिकटेल अशा पोलादी ट्रेवर बेकिंग पेपर पसरावा आणि त्यावर चुंबकाच्या चकत्या एकमेकींपासून चार-पाच बोटे अंतर ठेवून मांडाव्यात. कागदातूनही त्या ट्रेला धरून राहतात, त्यामुळे गोंद ओला असताना उडी मारून शेजारणीला चिकटत नाहीत. टेबलावर नुसत्या ठेवलेल्या चकत्या हा प्रताप हमखास करतात आणि मग इपॉक्सीने माखलेली जोडी सोडवत बसावे लागते. चकतीची वरची बाजू वॉटर पेपरने हलकी खरवडून, पुसून घ्यावी. खड्याच्या पाठीवर काडीने इपॉक्सीचा पातळ थर असा पसरावा की तो कागद पूर्ण झाकेल आणि बाहेरच्या एका मिलिमीटरच्या काचेच्या कड्यावरही पोहोचेल. मग खडा घुमट वर ठेवून चकतीच्या मध्यावर टेकवावा, हलके दाबावे, आणि ट्रे समतल जागी पूर्ण दिवस राहू द्यावा. पहिल्या अर्ध्या तासात एक-दोनदा डोकावून, सरकलेले खडे मध्यावर आणावेत.

इथे एक बारकावा आहे, जो मला बराच उशिरा सुचला. नव्या चकत्यांची चळत येते तेव्हा प्रत्येकीचा सारखाच ध्रुव वर असतो. चळतीच्या एकाच टोकाकडून चकत्या काढून, न उलटवता ट्रेवर ठेवल्या, तर पूर्ण झालेल्या सगळ्या चुंबकांच्या पाठीवर एकच ध्रुव येतो, आणि दोन चुंबकांच्या पाठी समोरासमोर आल्या की ते एकमेकांना दूर ढकलतात. डब्यात ते अंग फिरवून चिकटतातच, पण मग मध्ये काचेची जाडी आल्यामुळे आघात सौम्य होतो. हे पाळले नाही तर पाठीला पाठ लावून ते खटकन मिटतात आणि फेराइटच्या कडांचे टवके उडतात.

परीक्षा

संच वाटायला काढण्यापूर्वी त्यातला एक नग बळी द्यावा. झाकणाच्या डब्यात ओली चिंधी ठेवून, तिच्यावर न टेकेल असा तो चुंबक आत ठेवावा आणि झाकण लावून तीन दिवस उबेशी ठेवावा. काठाकडून चित्रात पांढरी किंवा करडी कड शिरू लागली, तर इपॉक्सी काचेच्या कड्यावर पोहोचलेला नाही असे समजावे. नंतर तोच नग एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवून, बाहेर काढून साधारण तापमानाला येऊ द्यावा आणि टेबलाच्या उंचीवरून लाकडी फळीवर टाकावा. चुंबक सुटला तर त्याची पाठ पाहावी : इपॉक्सी काचेकडे राहिला असेल तर चकती पुरेशी खरवडली गेली नव्हती, आणि तो चकतीकडे राहून काचेचे कडे स्वच्छ दिसत असेल तर काचेवर तेलकटपणा होता. कागदच दोन थरांत फाटला असेल तर जोड चांगला होता आणि कागद कच्चा होता. पुढच्या वेळी चित्र आणि मागचे वर्तुळ दोन्ही अधिक लहान घ्यावीत, म्हणजे इपॉक्सीला थेट काच धरता येते.

डब्यापर्यंत

प्रत्येक चुंबक स्वतंत्र झिप पिशवीत ठेवावा. पिशवीमुळे काच नाण्यांच्या ओरखड्यांपासून वाचते आणि ओलीपुढे आणखी एक पडदा उभा राहतो. सोबत बोटभर चिठ्ठी असावी, तिच्यावर टोपणनाव, तारीख आणि चुंबकाबद्दलची सूचना पेन्सिलीने लिहावी, कारण पेन्सिलीचे अक्षर ओलीत पसरत नाही. नोंदवहीतही जुने खेळाडू याच कारणाने पेन्सिल वापरतात.

वाटेत चुंबक कुठे ठेवले आहेत याचे भान असावे. जीपीएसचा उपग्रहांकडून येणारा संकेत चुंबकाने बिघडत नाही, परंतु होकायंत्राची सुई आणि फोनमधला दिशादर्शक बाण मात्र बिघडतो. शर्टाच्या एका खिशात दहा चुंबक आणि त्यावर गळ्यातून लोंबणारे होकायंत्र, अशा थाटात मी एकदा पाऊण तास ओढ्याच्या चुकीच्या काठावर शोध घेतला आहे. चुंबक पाठीवरच्या पिशवीत आणि होकायंत्र हातात, एवढे अंतर पुरते. हृदयात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने असे चुंबक छातीच्या खिशात ठेवू नयेत; निदान १५ सेंटिमीटरचे अंतर ठेवावे.

डबा सापडल्यावर आधी नोंदवहीत नाव लिहावे आणि मग अदलाबदल करावी. मागोवा घेण्याचा क्रमांक कोरलेली नाणी किंवा बिल्ले डब्यात दिसले, तर ते बदल्यात घ्यायच्या वस्तूंपैकी नसतात. ते एका डब्यातून दुसऱ्या डब्यात प्रवास करण्यासाठी असतात आणि उचलले तर पुढे न्यावेच लागतात. दारूगोळ्याची जुनी पोलादी पेटी असेल तर चुंबक तिच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवण्याची कल्पना गमतीची वाटते, पण झाकण बंद करताना तो रबराच्या पट्टीत अडकला तर पेटी पाण्याला उघडी पडते. तो तळाशी, पिशवीतच ठेवावा, आणि पिशवीचा कोपरा झाकणाच्या खाचेत सापडलेला नाही हे बोट फिरवून पाहावे. डब्यांत पाणी शिरण्यामागे अशी सापडलेली पिशवी पुष्कळदा असते.

शेवटची एक सवय सुरुवातीपासून लावून घेण्यासारखी आहे. मागचे कोरे वर्तुळ चिकटवण्यापूर्वी त्यावर पेन्सिलीने संचाचा क्रमांक लिहावा आणि वहीत त्या क्रमांकापुढे कोणता कागद, कोणता गोंद आणि वाळायला किती दिवस दिले ते टिपून ठेवावे. वर्षभराने एखाद्या डब्याकडे परत जाणे झाले आणि आपलाच चुंबक अजून तिथे पडलेला सापडला, तर चकती सुटलेली असो वा चित्र डागाळलेले असो, तो खरवडून क्रमांक वाचता येतो आणि पुढच्या संचात नेमके काय बदलायचे हे वहीत पाहता येते.